दोर धरणाऱ्याचं नाव यादीत कुठे आहे?

संपादक साहेब, नमस्कार.

मी चिखलदरा तालुक्यातल्या एका गावचा. सोळा वर्षं झाली गाईडचं काम करून राहिलो. आधी नुसते पॉईंट दाखवायचो, पंचबोल, देवी पॉईंट, भीमकुंड, गाविलगड, मग हळूहळू रॅपलिंग म्हणजे दोरावरून कडा उतरणं शिकलो, ट्रेक काढू लागलो, न आता आम्ही सात जण मिळून हिवाळ्यात कॉलेजच्या आणि शाळांच्या ट्रिपा घेतो, तंबू, दोर, हेल्मेट, चहा-जेवण सगळं आमचंच असते. सात जणांपैकी चार कोरकू आदिवासी आहेत, दोघांजवळ थोडी कोरडवाहू शेती आहे, बाकीच्यांजवळ तीही नाही. दर जुलैमध्ये तुमच्या पेपरात धुक्याचा आणि घाटात अडकलेल्या गाड्यांच्या रांगेचा फोटो येतो, आम्ही तो कापून ठेवतो, आमच्या गावाचा फोटो आहे म्हणून. पण त्या गर्दीतल्या लोकांना कड्यावरून खाली उतरवणारा, बोटीत बसवणारा, जंगलात नेणारा जो माणूस आहे त्याचा विमा आहे का, हे कधी कोणी छापलं नाही, म्हणून हे पत्र लिहायला बसलो. थोडं लांब होईल, सांभाळून घ्या.

तीन वर्षांआधीची गोष्ट आहे. डिसेंबर महिना, एका कॉलेजची ट्रिप आली होती, ४२ पोरं-पोरी न २ सर. रॅपलिंगचा कडा आम्ही आदल्या दिवशी पाहून ठेवतो, अँकरची झाडं म्हणजे ज्यांना दोर बांधतो ती, सुटे दगड, आणि मुख्य म्हणजे आग्या मोहोळ. मेळघाटातल्या कड्यांना आग्या मोहोळ असतेच, मोठे मोठे, ज्याने पाहिलं त्यालेच माहीत. आमच्या बाजूनं काही नव्हतं, पण वळणापलीकडे एक होतं, न त्या दिवशी खाली दुसरेच कोणी फिरायला आलेले लोक गवत पेटवून स्वयंपाक करत होते, धूर वर चढला. मी वर बिलेवर होतो, म्हणजे उतरणाऱ्याचा सुरक्षेचा दोर माझ्या हातात, आणि माझा सोबती कड्याच्या मधल्या टप्प्यावर उभा होता, जे घाबरतात त्यांना धीर द्यायला. शेवटून तिसरी पोरगी अर्ध्यात असताना माश्या उठल्या.

पोरगी तिथंच गोठली, हात सोडेना, पाय हलवेना. मला वर डंख बसत होते पण दोर सोडता येत नाही, बिलेवरच्या माणसानं मेला तरी दोर सोडायचा नसतो हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलेलं आहे. माझ्या सोबत्यानं काय केलं, स्वतःला बांधलेला कॅराबिनर, म्हणजे दोरात अडकवायची कडी, काढला, तीन-चार फूट सरकून तिच्यापर्यंत गेला, अंगातलं जाकीट तिच्या तोंडावर टाकलं आणि मला ओरडला, "सोड भाऊ, सोड खाली!" मी दोर सोडत सोडत तिला जमिनीवर पोचवलं. तिला पाच-सहा डंख, बाकी काही नाही. तो परत फिरताना ओल्या शेवाळावर घसरला, बारा-पंधरा फुटांवरून खालच्या दगडावर पडला. मांडीचं हाड मोडलं.

कॅराबिनर काढायला नको होता, हे मला माहीत आहे, त्यालाही माहीत आहे. पण तिथं उभ्या असलेल्या कोणत्याही गाईडनं तेच केलं असतं.

आमच्याच जीपमध्ये सीट सपाट करून, पायाला बांबू बांधून त्याला घाटातून परतवाड्याला नेलं, तिथून अमरावतीला. ऑपरेशन झालं, सळी टाकली. ऑपरेशनचा खर्च महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसला, त्याबद्दल त्या योजनेचे उपकारच आहेत, ती नसती तर आम्हाला दोर न तंबू विकावे लागले असते. पण पुढचे पाच महिने? घरी म्हातारे आईबाप, दोन लहान पोरं, रोजची सहाशे रुपये मजुरी बंद, आणि नेमका तोच सीझन. आम्ही सहा जणांनी आपापल्या मजुरीतून काढून दिले, पण आमच्याही मजुरीला सीमा आहे.

आता विम्याचं ऐका. कॉलेजनं त्या ट्रिपसाठी एका दिवसाची ग्रुप पॉलिसी काढलेली होती. चांगली गोष्ट. मी सरांना विचारलं, सरांनी मोबाईलवर यादी दाखवली. ४२ पोरं न २ सर, ४४ नावं, क्रमानं, जन्मतारखेसकट. ज्या पोरीला त्यानं वाचवलं तिचं नाव यादीत एकोणिसावं होतं. त्याचं नाव यादीत नव्हतं. सर चांगले होते, त्यांना वाईट वाटलं, त्यांनी पदरचे काही पैसेही दिले, पण ते म्हणाले, "आम्हाला सुचलंच नाही हो." न खरं सांगतो, आम्हालाही सुचलं नव्हतं. सोळा वर्षांत आम्ही शेकडो याद्या पाहिल्या, त्यात आपलं नाव लिहा असं आम्हीच कधी म्हटलं नाही.

मग माझ्या सोबत्याची स्वतःची एक अपघात विम्याची पॉलिसी होती, परतवाड्याच्या एका एजंटकडून काढलेली. तिच्यात आठवड्याला काही रक्कम मिळायची सोय होती, कामावर जाता येत नाही तोपर्यंत. आम्हाला वाटलं चला, हे तर आहे. कागद दिले, डॉक्टरचं सर्टिफिकेट दिलं, दीड महिन्यानं पत्र आलं, इंग्रजीत. आमच्या गावच्या गुरुजींनी वाचून दाखवलं. क्लेम नामंजूर. कारण, फॉर्मवर व्यवसाय "शेती" लिहिला होता आणि अपघात झाला रॅपलिंग करवताना, म्हणजे व्यवसाय लपवला. त्यानं लपवला नव्हता, एजंटनं विचारलं काय करता, तो म्हणाला गाईड आहे, थोडी बटाईची शेतीही करतो, एजंट म्हणाला शेती लिहितो, हप्ता कमी येते. सही खाली याची. आता सही याची म्हणजे जबाबदारी याचीच, कंपनी तिच्या जागी, एजंटचा फोन लागत नाही. तो गुरुजींना एवढंच म्हणाला, "म्या त सांगतलं होतं ना जी त्याले."

तेव्हापासून मी हा विषय सोडला नाही. पॉलिस्या मागवल्या, वाचल्या, नाही समजलं ते विचारलं, अमरावतीला चकरा मारल्या. जे समजलं ते इथे लिहितो कारण विदर्भात आमच्यासारखे लोक लय आहेत, ताडोब्याला, पेंचला, नागझिऱ्याला, बोरला, टिपेश्वरला, रामटेकजवळ खिंडसीला बोटीवर, आणि सगळ्यांचा गोंधळ तोच आहे.

पहिली गोष्ट, आरोग्य विम्यातली. विमा नियामकानं म्हणजे आयआरडीएनं २०१९ मध्ये सगळ्या आरोग्य विम्यांसाठी काही अपवाद एकाच भाषेत ठरवून दिले, त्यातला नववा साहसी खेळांचा आहे. त्यात लिहिलं आहे की जो माणूस "प्रोफेशनल" म्हणून अशा खेळात भाग घेतो, रॉक क्लायंबिंग, गिर्यारोहण, राफ्टिंग, स्कूबा वगैरे, त्यात दुखापत झाली तर तिच्या उपचाराचा खर्च कंपनीनं पॉलिसीतून वगळला तर चालतो. आता नीट पहा. नागपूरहून एका दिवसासाठी आलेला पर्यटक प्रोफेशनल नाही, तो हौशी आहे, त्याला हा अपवाद लागू होत नाही. प्रोफेशनल कोण? जो पोटासाठी रोज दोर धरतो तो. म्हणजे एकाच कड्यावर, एकाच दोरावर, एकाच वेळी दोघं पडले तर पाहुण्याला विमा आणि यजमानाला नाही. मी हे तीनदा वाचलं, दुसऱ्याकडून वाचून घेतलं, अर्थ तोच निघतो. नियम लिहिणाऱ्यांनी शर्यतीत उतरणारे, पैशासाठी धोका पत्करणारे मोठे खेळाडू डोळ्यांसमोर ठेवले असतील, पण तो शब्द येऊन बसला तो आमच्या पोट्ट्यांच्या डोक्यावर.

दुसरी, अपघात विम्याची. तिथं धंद्यानुसार धोक्याचे गट असतात. ऑफिसात बसणारा पहिल्या गटात, हातानं काम करणारा, गाडी चालवणारा दुसऱ्यात, आणि तिसऱ्या गटात खाणीत खाली उतरणारे, हाय टेन्शनच्या तारेवरचे, सर्कशीतले, घोड्यांच्या शर्यतीचे जॉकी, आणि गिर्यारोहण, राफ्टिंग करणारे. तिसऱ्या गटाला हप्ता जास्त लागतो, काही कंपन्या घेतच नाहीत. पण जी कंपनी घेते तिथं खरं लिहून जास्त हप्ता भरलेला परवडतो, शेती लिहून कमी हप्ता भरलेला अजिबात नाही, कारण तो हप्ता भरला काय न नाही काय, सारखंच. माझं सगळ्या गाईड भावांना हात जोडून सांगणं आहे, फॉर्म एजंटला भरू द्या पण व्यवसायाचा रकाना स्वतःच्या डोळ्यानं वाचा, इंग्रजीत असेल तर गावातल्या शिकलेल्या पोराकडून वाचून घ्या, त्यात "साहसी पर्यटन गाईड, रॅपलिंग, ट्रेकिंग" असं स्पष्ट लिहून घ्या आणि त्या फॉर्मचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा.

लोक म्हणतात सरकारच्या योजना आहेत ना. आहेत, न त्या घ्यायलाच पाहिजेत. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना वर्षाला २० रुपयांत आहे, आधी १२ होते, जून २०२२ पासून २० झाले, १८ ते ७० वयाला, अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वाला २ लाख, एक हात-पाय-डोळा कायमचा गेला तर १ लाख. ज्याच्या बँक खात्यातून हे २० रुपये कापले जात नाहीत त्यानं आजच बँकेत जावं. राज्याची गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजना आहे, तिच्यातही २ लाख मिळतात, पण ती शेतकऱ्यासाठी न त्याच्या घरच्या एका माणसासाठी आहे, ज्याच्या घरात कोणाच्याच नावावर सातबारा नाही त्या कोरकू पोराला ती लागू नाही. आणि वन्यप्राण्याच्या हल्ल्यात माणूस गेला तर वनखात्याकडून २५ लाख मिळतात, ही रक्कम मोठी आहे, पण त्यात वाघ, बिबट, अस्वल, रानडुक्कर अशी प्राण्यांची यादी आहे, आग्या मोहोळ तिच्यात नाही. कड्यावरून घसरणं तर नाहीच. आणि या सगळ्यात एक गोष्ट सारखी आहे, कड्यावरून पडून मोडलेलं हाड जे सहा महिन्यांत जुळून येणार आहे त्याला कुठेच जागा नाही. आमच्या धंद्यात माणसं मरतात कमी, मोडतात जास्त. मनगट, घोटा, खांदा, मांडी. आम्हाला मेल्यावरच्या दोन लाखांपेक्षा आधी पडून राहिल्यावरचे आठवड्याचे पैसे पाहिजेत, घरची चूल त्यावर आहे.

आता ट्रिप काढणाऱ्याच्या बाजूचं, कारण आम्ही सात जण गाईडही आहोत न ट्रिप काढणारेही. मागच्या वर्षी अकोल्याकडच्या एका शाळेचा फोन आला, बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, तुमचा लायबिलिटी इन्शुरन्स आहे का, म्हणजे तुमच्या चुकीनं पोरांना काही झालं तर भरपाई देणारा विमा. जानेवारी २०२४ मध्ये वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या ट्रिपची बोट उलटून १२ मुलं न २ शिक्षक गेले, तेव्हापासून शाळा हे विचारू लागल्या आहेत आणि बरोबर विचारतात, माझ्या पोरीची ट्रिप असती तर मीही विचारलं असतं. आमच्याकडे नव्हता, ट्रिप गेली. ८० पोरांची ट्रिप होती ती.

म्हणून मी लायबिलिटी काढायला गेलो तर एकानं मला भलतीच पॉलिसी काढून द्यायला घेतली. नाव सारखंच, पब्लिक लायबिलिटी, पण ती १९९१ च्या कायद्याखालची, भोपाळच्या वायुकांडानंतर जो कायदा आला तो, घातक रसायनं हाताळणाऱ्या कारखान्यांसाठी. आमच्याजवळ स्टोव्हचं रॉकेल आहे, दुसरं काही नाही. ती घेतली असती तर पैसे गेले असते न कड्यावरच्या अपघाताला तिचा उपयोग शून्य. आपल्याला जी पाहिजे ती वेगळी, बिगर-औद्योगिक धोक्यांची पब्लिक लायबिलिटी, आणि तिच्यात साहसी उपक्रम वगळले नाहीत हे लिहून घ्यायचं, कोणकोणते उपक्रम ते नावानं लिहून घ्यायचे. रॅपलिंग लिहिलं न झिपलाईन राहून गेली तर झिपलाईनचा क्लेम मिळत नाही.

त्यात दोन आकडे असतात, एका अपघाताला जास्तीत जास्त किती आणि अख्ख्या वर्षाला किती. समजा अपघाताला २५ लाख न वर्षाला ५० लाख. लोक वर्षाचा मोठा आकडा पाहून खूश होतात, पण तंबूंना आग लागून एकावेळी दहा जण जखमी झाले तर तो एकच अपघात, तेव्हा पहिलाच आकडा कामी येतो. आणि अजून एक गोष्ट जी मला कोणी सांगितली नव्हती, ही पॉलिसी बहुतेक "क्लेम्स मेड" पद्धतीची असते. म्हणजे अपघात झाला तेव्हाच नाही, तर समोरच्यानं दावा लावला तेव्हाही तुमची पॉलिसी चालू पाहिजे. ग्राहक आयोगात तक्रार करायला दोन वर्षं मिळतात. तुम्ही यंदा ट्रिप घेतली, पुढच्या वर्षी धंदा बसला म्हणून हप्ता भरला नाही, आणि त्या वर्षी नोटीस आली, तर तुम्ही उघडे पडले. खेड्यातला माणूस सीझन गेला की हप्ता सोडून देतो, मीही तेच केलं असतं.

काही जण म्हणतात आम्ही फॉर्मवर सही घेतो ना, "काही झालं तर जबाबदारी माझी". आम्हीही घ्यायचो. घ्यावी, धोका काय आहे हे पाहुण्याला समजावून सांगितल्याचा तो पुरावा असतो. पण दोर जुना होता, हेल्मेट दिलं नाही, म्हणजे आपली हयगय असेल तर ती सही कोर्टात वाचवत नाही. आणि अठराच्या खालच्या पोराची सही तर करारच नाही, कायद्यानं. शाळेच्या पोरांच्या सह्या घेऊन फाईल भरून ठेवणारे मी पाहिले, त्या फाईलचा काही उपयोग नाही. त्यापेक्षा दोराची वही ठेवा. दोर कधी घेतला, किती वेळा वापरला, कुठे घासला, कधी बाद केला. हार्नेस म्हणजे कमरेला बांधायचा पट्टा, तो आणि दोर न वापरता पेटीत ठेवले तरी त्यांचं वय होते, कंपन्या साधारण दहा वर्षांच्या वर वापरू नका म्हणतात, न रोज वापरात असेल तर त्याच्या कितीतरी आधी बाद करावा लागतो. मी विम्यासाठी गेलो तेव्हा त्या माणसानं सर्वात जास्त वेळ माझी दोराची वही पाहिली. ट्रेनिंगचं सर्टिफिकेट विचारलं, फर्स्ट एडचं विचारलं. दारू पिऊन आलेल्या पाहुण्याला परत पाठवता का विचारलं. पाठवतो, आणि आता वहीत लिहितोही, तारीख-वेळेसकट, कारण दारूत झालेला अपघात बहुतेक पॉलिस्यांत बसत नाही.

गाड्यांचं थोडक्यात सांगतो, कारण ते सगळ्यांना माहीत असून कोणी करत नाही. पांढऱ्या पाटीच्या जीपमध्ये पैसे घेऊन पाहुणे बसवले तर तिच्या विम्यावर भरवसा ठेवू नका. टॅक्सी पासिंग करा, सीटांएवढेच लोक बसवा, आणि सोबत बसणाऱ्या गाईडचा वेगळा हप्ता भरता येतो का ते विचारून घ्या. ताडोब्याच्या गेटवरचा माझा एक सोबती गेली कित्येक वर्षं जिप्सीत पुढच्या सीटवर बसून जातो, त्याला आजही नक्की माहीत नाही की तो त्या गाडीच्या विम्यात प्रवासी आहे का कामगार का कोणीच नाही.

पाण्याचंही एक. सप्टेंबर २०२१ मध्ये आपल्याच जिल्ह्यात वरूडकडे झुंजला वर्धा नदीत नाव उलटली, ११ जण गेले. ती काही साहसी पर्यटनाची बोट नव्हती, पण पाणी तेच, नाव तीच, न लाईफ जॅकेट नसणंही तेच. विमा माणूस बुडण्यापासून वाचवत नाही, हे मला कळते. पण विमा काढायला गेलं की कंपनी जॅकेट मोजते, बोटीची क्षमता विचारते, नावाड्याचं पोहणं विचारते, त्यानिमित्तानं तरी ते होते.

आता मुद्द्याचं. राज्य सरकारनं ऑगस्ट २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, जमिनीवरचे, पाण्यातले, हवेतले उपक्रम घेणाऱ्या सगळ्यांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करा म्हटलं, सुरक्षेचे नियम दिले, विम्याचीही गोष्ट केली. धोरण चांगलं आहे, मी त्याच्या बाजूनं आहे, ज्यांना गाठ मारता येत नाही तेही चिखलदऱ्यात दोर लावून बसतात ते बंद झालंच पाहिजे. पण नियम पाळायला जी पॉलिसी पाहिजे ती आमच्या मापाची बाजारात सापडत नाही. मी विचारलं तिथं कंपनीचा किमान हप्ता ठरलेला, तो वर्षभर रोज ट्रिपा घेणाऱ्या मोठ्या शहरातल्या कंपनीला काहीच नाही, आम्ही वर्षाचे चाळीस दिवस काम करतो, आम्हालाही तोच, वर १८ टक्के जीएसटी. मंग होते काय, गावचा माणूस नोंदणीच करत नाही, चोरून धंदा करतो, आणि जो चोरून करतो त्याचा विमा तर कधीच नसतो.

आम्ही म्हटलं सगळे गाईड मिळून एक ग्रुप बनवू न स्वस्तात पॉलिसी घेऊ. तिथंही समजलं की नुसता विमा घेण्यासाठी ग्रुप बनवता येत नाही, ग्रुप आधीपासून दुसऱ्या कामासाठी एकत्र असला पाहिजे, संस्था, सोसायटी, कामगार, असा काही. अरे पण असा ग्रुप तर गावात आहे! श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेत व्याघ्र प्रकल्पांलगतच्या गावांत ग्राम परिस्थितिकीय विकास समित्या आहेत, त्यांचं बँक खातं आहे, बैठका होतात, ठराव होतात, गाईडही त्याच गावांचे. समितीनं ठराव करावा, गाईड, जिप्सी ड्रायव्हर, नावाडी, तंबू लावणारे पोट्टे, स्वयंपाकाच्या बाया, सगळ्यांची नावं आणि खरे व्यवसाय लिहून एक ग्रुप अपघात पॉलिसी घ्यावी, आठवड्याच्या भरपाईसकट. चिखलदऱ्यासारख्या ठिकाणी नगरपरिषदेनं पुढाकार घ्यावा. पैसा कुठून? प्रत्येक एंट्री तिकिटामागे दहा रुपये या कामासाठी वेगळे काढा. जो पर्यटक नागपूर-पुण्याहून हजारो रुपये खर्चून येतो तो दहा रुपयांसाठी परत जाणार नाही, मी सोळा वर्षं पर्यटक पाहिले आहेत, कारण सांगितलं तर वीस देतील.

आणि सरकारच्या मालकीच्या ज्या चार साधारण विमा कंपन्या आहेत त्यांच्यातल्या एकीनं तरी आमच्यासारख्यांसाठी मराठीत लिहिलेली, सीझनपुरती, प्रोफेशनल गाईडला धरून असलेली पॉलिसी काढावी. पिकाचा विमा हंगामाचा असते, मग आमचा का नाही? आमचाही हंगामच आहे. पर्यटन संचालनालयाच्या नागपूर-अमरावतीच्या कार्यालयांनी कंपनीला आणि आम्हाला एकदा एका टेबलावर बसवलं तरी पुष्कळ होईल, येण्याजाण्याचा खर्च आम्ही करू.

शाळा-कॉलेजांच्या सरांना आणि बाईंना एक वेगळी विनंती आहे, तिला सरकारची परवानगी लागत नाही. ट्रिपची पॉलिसी काढता तेव्हा यादीत गाईडची नावं टाकता येतात का ते कंपनीला विचारा, आणि येत असतील तर टाका. माणशी फार मोठी रक्कम नसते ती, पाहिजे तर आमच्या बिलातून कापा. आधार कार्डाची झेरॉक्स आम्ही आधीच पाठवून देऊ.

माझा सोबती आता चालतो, थोडा लंगडतो. कड्यावर परत आला, पण मधल्या टप्प्यावर मी त्याला उभं करत नाही, तो वर अँकर तपासतो, न खरं सांगतो, त्याच्यासारखा अँकर तपासणारा दुसरा नाही. ती पोरगी दिवाळीला त्याला फोन करते, दादा म्हणते. गेल्या डिसेंबरात पहिल्यांदाच एका कॉलेजनं आमचं ऐकलं, कंपनीला विचारलं न यादीत आम्हा सातही जणांची नावं टाकली, व्यवसायाच्या रकान्यात "गाईड" लिहून. माझ्या सोबत्यानं ती यादी मागून घेतली, लॅमिनेशन करून घरी ठेवली आहे.

तुमच्या वाचकांत कोणी विमा एजंट असतील, निवृत्त अधिकारी असतील, वकील असतील, मी वर काही चुकीचं लिहिलं असेल तर दुरुस्त करा, आणि विदर्भातल्या कोणत्या कंपनीनं गावच्या गाईडला त्याचा खरा व्यवसाय लिहून, आठवड्याच्या भरपाईसकट पॉलिसी दिली असेल तर तिचं नाव न हप्ता याच सदरात कळवा. आमच्या गावात पेपर दुपारच्या यष्टीनं येतो, पण येतो रोज.

आपला,
एक गाईड
ता. चिखलदरा, जि. अमरावती